फीडरवर पिल्लं यायला लागली की या चुका टाळा

पायाशी दाण्यांचा ढीग असतो आणि त्यातच उभं राहून चिमणीचं पिल्लू पंख थरथरवत, चोच वासून खाऊ मागत असतं. आई त्याच ढिगातला दाणा उचलते, फोडते आणि त्याला भरवते. पक्ष्यांसाठी दाणे ठेवतो त्या फीडरवर याहून मजेदार काही मी तरी पाहिलेलं नाही. थोड्याच दिवसांत तेच पिल्लू काडी, खडा, टरफल, दिसेल ते टोचून बघायला लागतं. मागणं चालूच असतं, पण आता आई खुशाल पाठ फिरवते.

ही गंमत फार दिवस टिकत नाही. चिमणीची पिल्लं घरट्यात साधारण 14 ते 16 दिवस असतात आणि बाहेर पडल्यावर त्यांना आठवडा-दोन आठवडे भरवलं जातं. बरेचदा हे काम बापाच्या गळ्यात पडतं, कारण आई पुढच्या विणीच्या तयारीला लागलेली असते. याच काळात बघणाऱ्यांच्या हातून चुका होतात, आणि त्यांतल्या बहुतेक मायेपोटी.

‘बिचारं पडलंय’ म्हणून उचलणं

सगळ्यात मोठी चूक हीच. अंगावर पिसं आलेली, शेपटी आखूड, चोचीच्या कोपऱ्यांना पिवळी किनार आणि जमिनीवर टुणटुण उड्या, असं पिल्लू दिसलं तर ते पडलेलं नाही. ते घरटं सोडून निघालंय. नीट उडता येण्याआधी बाहेर पडणं कितीतरी पक्ष्यांत नेहमीचंच असतं. आई-बाप जवळच असतात, फक्त तुम्ही तिथे उभे आहात म्हणून खाली येत नाहीत. घरात जा आणि खिडकीतून तासभर तरी लक्ष ठेवा.

पिल्लू रस्त्यावर किंवा मांजराच्या टप्प्यात असेल तर उचलून जवळच्याच झुडपात ठेवा, त्याची हाक आई-बापांना ऐकू जाईल इतक्या अंतरावर. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, हा समज खोटा आहे. मात्र पिसं आलेल्या पिल्लाला पुन्हा घरट्यात कोंबायला जाऊ नका. ते लगेच बाहेर उडी मारतं, आणि तुमच्या धडपडीने घाबरून त्याची भावंडंही वेळेआधी बाहेर पडू शकतात.

पिल्लू उघडंबोडकं असेल, डोळेही उघडले नसतील, तर गोष्ट वेगळी. घरटं हाताशी असेल तर त्याला परत घरट्यातच ठेवा. जखमी पिल्लू किंवा मांजराने तोंडात धरलेलं पिल्लू मात्र थेट पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे न्यायला हवं. जखम दिसत नसली तरी मांजराच्या लाळेतल्या जंतूंमुळे पक्षी दगावू शकतो. वाटेत ‘तहानलं असेल’ म्हणून चोचीत पाण्याचे थेंब सोडू नका, पाणी श्वासनलिकेत जातं.

पाव, दूध आणि अख्खे शेंगदाणे

पावाने पोट भरतं, पोषण होत नाही. दूध पक्ष्यांना पचत नाही. खारवलेलं काहीच नको. अख्खा शेंगदाणा पिल्लाच्या घशात अडकू शकतो, म्हणून विणीच्या हंगामात कूट करून ठेवा.

याहूनही महत्त्वाचं म्हणजे दाणे खाणाऱ्या बहुतेक छोट्या पक्ष्यांची पिल्लंसुद्धा घरट्यात मुख्यतः किड्या-अळ्यांवर वाढतात. बागेत कीटकनाशक फवारायचं आणि फीडर मात्र काठोकाठ भरायचा, यात काही अर्थ नाही. चार पानं कुरतडली गेली तर जाऊ द्या.

मोठे पक्षी येतात, पिल्लं येत नाहीत

पहिले काही दिवस पिल्लं झुडपात दडून बसतात आणि आई-बाप खाऊ तिथेच नेतात, तेव्हा थोडी कळ काढा. त्यानंतरही आली नाहीत तर फीडर बघा. नळीसारख्या फीडरच्या बारीक दांडीवर तोल सांभाळणं पिल्लांना जमत नाही. पसरट, उथळ ताटली ठेवा. पाण्याचं भांडंही उथळच हवं, खोली 2 ते 5 सेंटीमीटर, आणि मध्ये उभं राहायला एक दगड.

जागाही चुकलेली असू शकते. झुडूप साधारण 2 मीटरवर असावं. त्याहून जवळ असलं तर मांजर दबा धरतं, फार लांब असलं तर पिल्लांना आसरा उरत नाही. काचेच्या खिडकीचं गणित मात्र उलटं आहे. फीडर काचेपासून मीटरभराच्या आत ठेवा, म्हणजे दचकून उडालेल्या पक्ष्याला जोराने आदळण्याइतका वेग मिळत नाही. नाहीतर सरळ 10 मीटर लांब न्या. मधलं अंतर सगळ्यात वाईट.

‘नवीन पक्षी दिसला!’

थांबा. शिपाई बुलबुलाच्या पिल्लाच्या गालावर लाल ठिपका नसतो, आणि चिमणीची सगळी पिल्लं मादीसारखीच दिसतात. आधी चोचीची पिवळी किनार शोधा, मग पुस्तक उघडा.

फुगून बसलंय, म्हणजे आजारी का?

इथे अनुभवी माणसंही गोंधळतात, कारण निरोगी पिल्लूही कापसाच्या बोळ्यासारखं गुबगुबीत आणि काहीसं बावळटच दिसतं. फरक वागण्यात असतो. आई-बाप दिसताच निरोगी पिल्लू जागं होतं, ओरडतं, पंख थरथरवतं. आजारी पक्षी कशालाच दाद देत नाही. डोळे अर्धवट मिटलेले, चोचीभोवतीची पिसं ओली किंवा चिकट, गिळताना त्रास आणि माणूस जवळ गेला तरी उडायची इच्छा नाही, अशी लक्षणं दिसली तर सावध व्हा.

असा पक्षी दिसला की ‘अशक्त आहे, जास्त दाणे ठेवूया’ असं मनात येतं, आणि नेमकं तेच करायचं नसतं. साल्मोनेला आणि ट्रायकोमोनास हे दोन्ही रोगजंतू गर्दीच्या फीडरवर उष्ट्या दाण्यांतून, पाण्यातून आणि विष्ठेतून पसरतात. 2005 साली ब्रिटनमध्ये ट्रायकोमोनासचा रोग ग्रीनफिंच पक्ष्यांत दिसू लागला आणि पुढे त्यांची संख्या झपाट्याने घसरली. म्हणून दाणे आणि पाणी निदान दोन आठवडे बंद ठेवा आणि खालचा सांडलेला कचरा झाडून टाका. हातमोजे घालून फीडर आधी साबणाने घासा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणाने धुवा. ब्लीचचा वास जाईपर्यंत खळबळा आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा भरू नका. त्या काळात पक्षी उपाशी राहतील ही काळजी नको, ते दुसरीकडे खाणं शोधतात.