मुलाचा बुद्ध्यांक काढताना आणि वाचताना या चुका टाळा

अहवालात ‘बुद्ध्यांक ८५’ दिसला की काही पालक ते ८५ टक्के समजून खूश होतात, तर काहींना १५ गुण गेल्याचं वाईट वाटतं. बुद्ध्यांक म्हणजे गुण नव्हेत. आजच्या बहुतेक चाचण्यांत त्या वयाच्या मुलांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (मुलांचे आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) १५ धरतात. त्यामुळे ११५ असलेल्या मुलाच्या मागे साधारण ८४ टक्के मुलं असतात, ८५ असलेल्याच्या मागे १६ टक्के.

बिने-कामत या वयानुसार प्रश्न लावलेल्या चाचणीचा हिशेब वेगळा आहे: मानसिक वय (सुटलेल्या प्रश्नांवरून ठरणारं वय) भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले १००. इथे घोळ होतो तो वयाचा. मूल ७ वर्षं ८ महिन्यांचं, म्हणजे ९२ महिन्यांचं, आणि मानसिक वय ८४ महिने असेल तर बुद्ध्यांक ९१ येतो. वय नुसतं ‘सात’ लिहिलं की तोच १०० होतो, ‘आठ’ लिहिलं की ८८. वय महिन्यांतच काढा, तेही जन्मदाखल्यावरून. शाळेत १ जून ही तारीख लावलेली असेल तर घरच्यांना विचारून खात्री करा.

दुसरी चूक घाईची. ज्या वयाचे सगळे प्रश्न सुटतात तिथपासून, ज्या वयाचा एकही सुटत नाही तिथपर्यंत जायचं असतं. मूल कंटाळलं म्हणून मध्येच थांबलात आणि लहान वयोगटातले येऊ शकणारे, प्रत्येकी २ महिन्यांचे दोन प्रश्न राहिले, तर मानसिक वयाचे ४ महिने बुडतात. वरच्या मुलाचे ते चारहून जास्त अंक झाले. त्यापेक्षा दहा मिनिटं सुट्टी द्या. चष्मा घरी राहिला असेल, कान फुटला असेल किंवा सूचना मुलाला न समजणाऱ्या भाषेत दिल्या असतील, तर चाचणी पुढे ढकला.

एकाच आकड्याला चिकटू नका. चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यास निकाल किती सारखा येतो याचं माप; पूर्ण सारखा म्हणजे १) ०.९० असेल तर ९१ चा खरा पल्ला साधारण ८२ ते १०० असतो. शाब्दिक आणि कृतीचा असे दोन बुद्ध्यांक देणाऱ्या मालिनच्या चाचणीत शाब्दिक ११८ आणि कृतीचा ८६ आला, तर सरासरी १०२ कुणाचंच वर्णन करत नाही. शिकवण्याची दिशा त्या ३२ अंकांच्या दरीतून कळते, म्हणून दोन्ही आकडे मागून घ्या.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ला शास्त्रीय आधार नाही, तिच्यावर पैसे घालवू नका. आणि बुद्ध्यांक ७० च्या खाली आला तरी मूल जेवण, कपडे, बोलणं, सुट्टे पैसे कसं सांभाळतं हे वेगळं तपासल्याशिवाय बौद्धिक अक्षमतेचं निदान स्वीकारू नका.