उन्हाळ्यात रेंडर रखडतंय? आधी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडा

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा 42-43 वर गेला की तगडं एडिटिंग मशीनही लग्नाची फिल्म रेंडर करताना (म्हणजे एडिट केलेल्याची शेवटची फाईल बनवताना) धापा टाकतं. प्रोसेसर 95-100 अंशांजवळ पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी एवढं करा:

1. रेंडर चालू असताना एचडब्ल्यूइन्फो (मशीनचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं) उघडा. थर्मल थ्रॉटलिंगसमोर (गरमीमुळं वेग कमी होणं) 'येस' दिसलं, तर दुखणं गरमीचंच.

2. मशीन बंद करून प्लग काढा. पुढची जाळी काढून झटका. आपल्याकडची बारीक काळी धूळ तिथं थर धरून बसलेली असते. हीटसिंकच्या (प्रोसेसरची गरमी ओढून घेणारा धातूचा भाग) पट्ट्यांमधली धूळ ब्लोअरनं उडवा. त्या वेळी पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेनं गरागरा फिरू दिलं तर बेअरिंग जातं, आणि ही चूक दुकानातली पोरंही सर्रास करतात.

3. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढं ओढा.

लांबलचक रेंडर पहाटेच्या गारव्यात लावलेलं बरं, अर्थात यूपीएस असेल तर.

आणि कूलरचं तोंड मशीनकडं अजिबात करू नका. ओलसर हवेनं आतली धूळ चिकटते आणि बोर्डाला गंज धरतो.