नैरोबीच्या वर्गाशी बोलण्याआधी : नागपूरच्या शाळेची तयारीची यादी

परदेशातल्या एखाद्या वर्गासोबत प्रकल्प करायचं ठरलं की आपल्या शाळांमध्ये आधी झेंडे रंगवायला घेतात. ते राहू द्या. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू घ्या आणि दोन्ही शाळांच्या सुट्ट्या आणि परीक्षा तिच्यावर शेजारी शेजारी मांडा. विदर्भात उन्हापायी शाळा उघडतात जूनच्या अखेरीस. जुलै पुस्तकं, गणवेश आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातो, मग पोळा, गणपती, ऑक्टोबरात सत्र परीक्षा, की दिवाळी आलीच. आमची जोडीदार शाळा नैरोबीची. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, ऑगस्टमध्ये सुट्टी लागते आणि शेवटचं सत्र त्यानंतरचं. दोन्हीकडे मुलं वर्गात आहेत आणि डोक्यावर परीक्षा नाही, असे आठवडे शोधले तर हाती फक्त सप्टेंबर लागला. जोडीदार जपानचा असता तर हिशेब निराळा, तिकडे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं.

जोडीदार शोधायला उन्हाळ्याच्या सुट्टीतच लागा, कारण नोंदणी आणि पत्रव्यवहारात महिने जातात. न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडण्यापासून १९८८ मध्ये सुरू झालेलं आयअर्न हे शाळांचं आंतरराष्ट्रीय जाळं आहे, युनेस्कोचं सहयोगी शाळांचं जाळं तर १९५३ पासूनचं. ओळखीतून मिळाला तरी चालतो. नाव मोठं नको, उत्तर वेळेवर देणारा शिक्षक हवा. पहिल्या दोन पत्रांना आठवडाभरात उत्तर आलं नाही तर दुसरा शोधा.

मुख्याध्यापकांकडे जाताना हातात भाषण नको, वेळापत्रक न्या. सहा तासिका, एक शनिवार, खर्च जवळपास शून्य, असं सांगितलं की ते ऐकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेले आहेत, त्यातला एक मागून घ्या. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं २०१५ मध्ये ठरली आणि मुदत २०३० ची आहे. त्यातल्या चौथ्या उद्दिष्टात जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण लिहिलेलं आहे, एवढं अर्जात एका ओळीत टाका. सतरा रंगांचं पोस्टर आमच्याही व्हरांड्यात आहे. त्याच्या खाली मुलं चपला काढतात.

विषय निवडताना घाई करू नका, इथेच बहुतेक प्रकल्प बसतात. 'जागतिक तापमानवाढ' घेतलं की मुलं इंटरनेटवरून ध्रुवीय अस्वल उतरवून आणतात. विषय असा हवा की दोन्हीकडच्या मुलांना तो शाळेच्या फाटकापासून शंभर पावलांत सापडेल आणि बोटांनी मोजता येईल. आम्ही प्लास्टिक घेतलं. कारण नदीत होतं. नागपूरचं नाव नाग नदीवरून पडलं असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि नैरोबी हे नावही मासाई भाषेत 'थंड पाणी' असा अर्थ असलेल्या तिथल्या प्रवाहाच्या नावावरून आलं. मुलांना दोन रेघा काढायला लावा. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा-वर्धा मिळून प्राणहिता, ती गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. तिकडे नैरोबी नदी अथी नदीत, तीच पुढे गलाना आणि साबाकी म्हणवत मालिंदीजवळ समुद्रात. फळ्यावर दोन्ही रेघा एकाच हिंदी महासागरात जाऊन थांबल्या तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे सर, आपला कचरा अन् त्यांचा कचरा तिथं भेटत असन!" प्रकल्पाचं नाव मग वेगळं शोधावं लागलं नाही.

अभ्यासाची टिपणं दोन्ही बाजूंची सारखी असू द्या. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आणली, महाराष्ट्राची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं मुख्यालय नैरोबीतच आहे, आणि प्लास्टिक प्रदूषणावर जागतिक करार करायचा ठराव मार्च २०२२ मध्ये तिथेच झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीतही देशांचं एकमत झालं नाही, हेही मुलांना सांगा. मोठी माणसं अडली आहेत हे कळलं की पोरं सरसावून बसतात.

आता मोजणी. ही नीट करा, बाकी सगळं हिच्यावर उभं आहे. नाग नदीत किंवा नाल्यात मुलांना उतरवायचं नाही, तिच्यात सांडपाणी वाहतं. फाटकासमोरचा रस्ता, मैदानाची कड आणि नाल्याच्या भिंतीअलीकडची जागा पुरे. खडूने किंवा दोरीने प्रत्येकी दोन मीटर बाजूचे चौकोन आखा. एका चौकोनाला चार मुलं: एक उचलणारा, एक मोठ्याने ओरडणारा, एक वहीत रेघा मारणारा आणि एक नुसता बघणारा, कारण उचलणाऱ्याला काच दिसत नाही. हातमोजे नसतील तर चुलीचे चिमटे घरून मागवा. वजन करण्याच्या भानगडीत पडू नका. आम्ही पडलो होतो. पावसात भिजलेली पिशवी चिखलासकट काट्यावर ठेवली तेव्हा आम्ही चिखलच तोलला, आणि धुऊन वाळवलेली तीच पिशवी काट्याला कळलीसुद्धा नाही. नग मोजा. आणि नगांचे प्रकार आधीच नैरोबीशी बोलून ठरवून घ्या, नाहीतर तिकडे 'पाकीट' आणि इकडे 'पन्नी' यांची बेरीज होत नाही.

मोजणीतून काय निघेल याचीही तयारी ठेवा. आमच्या वह्यांमध्ये निम्म्याहून जास्त रेघा एकाच रकान्यात पडल्या: खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखू चोळून विकतात त्या पन्न्या. तळहाताएवढी पातळ पन्नी, चोळून चोळून पांढरी पडलेली, एका कोपऱ्याला सुपारीचा चुरा. शिक्षकखोलीत शांतता झाली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि आमच्या चौकोनांत पन्न्यांचा खच. हा रकाना नैरोबीला पाठवायचा की 'इतर' मध्ये टाकायचा? एक सहकारी म्हणाले, बाहेर कशाला दाखवता. माझं मत उलट होतं आणि अजूनही आहे. नटवलेला आकडा दिला तर समोरचाही नटवलेलाच देतो, मग दोन शाळा मिळून एकमेकींना पोस्टर दाखवत बसतात. आम्ही रकाना तसाच पाठवला. मात्र पानठेलेवाल्याशी बोलायला मुलांना पाठवू नका. ते काम मोठ्यांचं, शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीने पत्र द्या.

पालकांचं संमतीपत्र मराठीत आणि एका पानाचं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे. फोटो, आवाज आणि नाव यांच्यासाठी तीन वेगळे चौकोन ठेवा, म्हणजे एका आईला आवाज चालतो पण फोटो नको असेल तर तिचं ऐकता येतं. पडद्यावर फक्त पहिलं नाव. कॅमेरा चेहऱ्यांऐवजी हातांवर आणि पन्न्यांवर असला तर अर्धे प्रश्न उरतच नाहीत. तिकडची गरिबी आणि आपली गरिबी असले फोटो दोन्हीकडून बंद, हे पहिल्याच पत्रात लिहून टाका.

भाषेची धास्ती मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त असते. केनियातली मुलं शाळेत इंग्रजीतून शिकतात, आपली मराठीतून. म्हणून प्रत्येक मुलाला एकच वाक्य द्या, त्यात एक आकडा हवा. बाकी मराठीत बोलू द्या, दुसरा सांगेल. स्वाहिलीचे चार शब्द फळ्यावर लिहा: चाय, चपाती, दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी'. हे शब्द इकडूनच समुद्र ओलांडून तिकडे गेले, हे कळल्यावर एकही पोरगं गप्प बसत नाही.

वेळ ठरवताना मात्र माझी फजिती ऐका. नैरोबी आपल्या अडीच तास मागे आहे, घड्याळं पुढेमागे करायची भानगड तिथे नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तिकडच्या मुलांनी गमतीने स्वाहिलीत निरोप धाडला: शुक्रवारी 'सा तातू'. मोबाइलने भाषांतर केलं, तीन वाजता. मी अडीच तास मिळवले, साडेपाच धरले, पालकांना फोन केले आणि पोट्ट्यांना शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. पडदा काळा. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, 'सा तातू' म्हणजे दिवसाचा तिसरा तास, आपले सकाळचे नऊ. ती बिचारी आमच्या साडेअकरापासून वाट बघून उठून गेली होती. तेव्हापासून निरोपात दोन्ही गावांची वेळ आकड्यांत लिहितो आणि समोरून तशीच लिहून मागवतो.

आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळेला चाचणी घ्या. छताचे पंखे माइकला विमानासारखे ऐकू येतात, बंद करावे लागतात, आणि सप्टेंबरच्या उकाड्यात साठ मुलं पंख्याविना वीस मिनिटांच्या वर टिकत नाहीत. बोलणारी आठ मुलं लॅपटॉपसमोर, बाकीची प्रोजेक्टरकडे. वीज जाईल असं धरून दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण आधीच पाठवून ठेवा.

कृतीचं आधीच ठरवा, बोलणं झाल्यावर ठरवू म्हटलं की राहतं. आमच्याकडून एक साधी गोष्ट झाली: घरी दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, लोंबता ठेवायचा, म्हणजे तो तुकडा वेगळा होऊन नालीत जात नाही. किती घरांनी केलं ते वर्गात दर सोमवारी हात वर करून मोजलं. दुसरी गोष्ट पोरांनी काढली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबत निघते, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवलेला बाईचा पुतळा, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. जमवलेल्या, धुतलेल्या पन्न्यांचा त्यांनी पुरुषभर उंचीचा बडग्या केला, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत मैदानाला फेरी मारली, आणि मग एकीने विचारलं, "सर, याले जाळायचं कसं?" बडग्या जाळतात, प्लास्टिक जाळायचं नसतं. भंगारवाल्याकडे नेला तर त्याने जाड बाटल्या ठेवून घेतल्या आणि पातळ पन्न्या परत केल्या, त्यांना भाव नाही म्हणे. त्यामुळे तुमच्या यादीत 'जमवलेलं कुठे द्यायचं' ही ओळ मोजणीच्या आधी लिहा. आमचं पोतं अजून प्रयोगशाळेत कपाटामागे आहे. नैरोबीलाही नेमका हाच प्रश्न विचारला, त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं, पण फोटो आला: त्यांचं पोतं आमच्यापेक्षा मोठं.

दुसऱ्या मोजणीची तारीख दिवाळीच्या सुट्टीआधीच पेनाने लिहून ठेवा, पेन्सिलीची तारीख स्नेहसंमेलनाच्या तालमीत पुसली जाते. जानेवारीत तिकडचा वर्ग वर चढलेला असेल आणि कदाचित शिक्षकही बदलतील, म्हणून ऑक्टोबरातच विचारून घ्या की नव्या वर्गाला चौकोन आखायला कोण शिकवणार.