घरी आणलेला जुना ईपर्ब पाण्यापासून लांब ठेवा

मर्चंट नेव्हीतून सुट्टीवर नागपूरला येणारा कुणी जहाजावरून उतरवलेला जुना ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहाला संदेश देणारं यंत्र, आठवण म्हणून घरी आणणार असेल, तर आधी सर्व्हिसवाल्याकडून त्याची बॅटरी काढून घ्या. ती लिथियमची असते, भंगारात मुळीच देऊ नका.

बहुतेक ईपर्बच्या अंगावर पाणी ओळखणारे धातूचे दोन छोटे ठिपके असतात. यंत्र ज्यात बसवलेलं असतं त्या ब्रॅकेटमधल्या चुंबकामुळे ते निष्क्रिय राहतात. पण ब्रॅकेटबाहेर काढून ओल्या फडक्याने पुसला, किंवा गच्चीवर पावसात राहिला, की यंत्र समजतं आपण समुद्रात पडलो. मग ४०६ मेगाहर्ट्झवर हाक सुरू होते आणि चांगली बॅटरी असेल तर ४८ तास तरी चालते. उपग्रहाला ती धरमपेठेतूनही ऐकू जाते. खरोखर बुडणाऱ्यांसाठी असलेली माणसं मग आपल्यामागे लागतात, हे फार वाईट.

दिवा लुकलुकू लागलाच तर लगेच स्विच बंद करा, यंत्र कोरडं करून ब्रॅकेटमध्ये बसवा आणि तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा. घाबरून गप्प बसू नका. जहाज कंपनीला त्याची नोंदणी रद्द करायलाही सांगा.