रेटिनातील रक्तप्रवाह मोजण्यापूर्वीची तयारी

रेटिनातील, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यातील, नीला (अशुद्ध रक्त परत नेणारी रक्तवाहिनी) तुंबल्यावर डोळ्यात इंजेक्शने सुरू होतात आणि सूज किती उतरली हे ओसीटीवर, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत, दिसते. पण रक्त पूर्वीपेक्षा मोकळे वाहू लागले का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी प्रवाहच मोजावा लागतो. पहिले मोजमाप पहिल्या इंजेक्शनच्या आधी घ्यावे, कारण ती संधी पुन्हा मिळत नाही. मात्र यंत्र किंवा तंत्रज्ञ उपलब्ध नाही म्हणून उपचार लांबवू नयेत.

कोणत्या यंत्राने मोजायचे हे आधीच ठरवून शेवटपर्यंत तेच वापरावे. लेझर स्पेकल फ्लोग्राफी (लेझर प्रकाशाने प्रवाह मोजण्याची पद्धत) प्रवाहाचा सापेक्ष आकडा देते, त्यामुळे त्याच डोळ्याचा आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहता येतो. दोन वेगवेगळ्या रुग्णांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. ओसीटी अँजिओग्राफीत केशवाहिन्यांचे जाळे सुरेख दिसते, पण अतिशय संथ वाहणारे रक्त तिच्या नजरेतून सुटते, म्हणून तिथे दिसणारा काळा भाग पूर्ण बंद पडला आहे असे लगेच धरू नये. फ्लुरेसिन अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य टोचून रक्तवाहिन्यांची छायाचित्रे, करायची असल्यास ॲलर्जीची चौकशी करून संमती घ्यावी, मळमळ होऊ शकते आणि लघवी काही काळ पिवळी होते हेही रुग्णाला आधीच सांगावे.

सर्वाधिक काळजी रक्तदाबाची घ्यावी. डोळ्यातील रक्ताला पुढे ढकलणारा दाब ढोबळमानाने सरासरी रक्तदाबाच्या दोन तृतीयांशातून डोळ्याचा दाब वजा करून मिळतो. रक्तदाब 130/85 असेल तर सरासरी 100 येते आणि डोळ्याचा दाब 16 असताना उत्तर सुमारे 51 मिलिमीटर पारा; तोच रुग्ण पुढच्या वेळी धापा टाकत जिना चढून आला आणि रक्तदाब 160/100 निघाला, तर उत्तर 64 होते. अशा दिवशी वाढलेल्या प्रवाहाचे श्रेय औषधाला देणे चुकीचे ठरेल. म्हणून रुग्णाला दहा-पंधरा मिनिटे शांत बसवावे, मग दोन्ही दाब मोजून आकड्यांशेजारी लिहावेत. चहा, कॉफी आणि तंबाखू त्या दिवशी मोजमापाआधी टाळायला सांगावे, पण रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्यायलाच सांगावे.

दर वेळी दिवसाची वेळ तीच असावी, आणि बाहुली मोठी करण्याचे थेंबही तेच असावेत. इंजेक्शन त्याच दिवशी असेल तर मोजमाप आधी उरकावे, कारण इंजेक्शननंतर डोळ्याचा दाब थोडा वेळ चढतो आणि जंतुनाशकाने बुबुळाचा पृष्ठभाग कोरडा, खरखरीत होतो.

यंत्रासमोर हनुवटी आणि कपाळ नीट टेकले आहे का, खुर्चीची उंची मानेला ओढत नाही ना, हे पाहावे. रुग्णाला दोन-तीनदा पापण्या मिटायला सांगून, अश्रूंचा थर पसरला की लगेच नोंद सुरू करावी. लेझर स्पेकल फ्लोग्राफीत ती चार सेकंदांचीच असते, पण मध्ये एक मिचकावणीही ती बिघडवू शकते, आणि भीतीने श्वास रोखून धरणाऱ्या रुग्णाला श्वास नेहमीसारखा चालू द्या असे हळू आवाजात सांगावे लागते. लागोपाठ तीन नोंदी घ्याव्यात, दुसऱ्या डोळ्याच्याही घ्याव्यात. मोतीबिंदू किंवा काचद्रवातील (डोळ्यातील जेलीसारख्या पदार्थातील) रक्तामुळे चित्र धूसर आले, तर आकड्याच्या जागी तसे स्पष्ट लिहावे.