हॉर्मोन आणि मुलामुलींतले फरक: असलं संशोधन वाचायचं कसं

"टेस्टोस्टेरॉनमुळे (पुरुषांत जास्त असणाऱ्या हॉर्मोनमुळे) पुरुष असे वागतात" टाइप बातमी ग्रुपवर पडली की लगेच दोन पार्ट्या होतात, एक म्हणते सगळं निसर्गाचं, दुसरी म्हणते सगळं संस्कारांचं, आणि मूळ अभ्यास काय होता हे कुणी बघतच नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण विषय भारी आहे. म्हणून केंब्रिज विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मेलिसा हाइन्स यांचं काम धरून सांगते, ते नीट वाचता आलं की बाकीच्या बातम्याही वाचता येतात.

पहिलं बघायचं म्हणजे हॉर्मोन कधीचा. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या टीमने गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर पोटातल्या माद्या मोठ्या झाल्यावर त्यांचं समागमाचं वागणं बरंचसं नरांसारखं झालं. म्हणजे जन्माआधीचा परिणाम वेगळा आणि आज रक्त तपासून आलेला आकडा वेगळा, बातमीत हे दोन सर्रास एकत्र केलेले असतात.

मग बघायचं तुलना कुणाशी केलीय, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. माणसाच्या गर्भाला मुद्दाम हॉर्मोन देता येत नाही, पण सीएएच (कंजेनिटल अॅड्रिनल हायपरप्लेजिया) नावाचा एक जन्मजात आजार आहे, साधारण १५ हजारात एका बाळाला होतो, त्यात अ‍ॅड्रिनल ग्रंथीला (मूत्रपिंडावर असते ती) कॉर्टिसॉल हा शरीराला ताण झेलायला लागणारा हॉर्मोन नीट बनवता येत नाही आणि टेस्टोस्टेरॉनसारखे हॉर्मोन जास्त बनतात, अगदी पोटात असल्यापासून. शेरी बेरेनबॉम आणि हाइन्स यांनी अशा ३ ते ८ वर्षांच्या मुलींना खेळण्यांच्या खोलीत सोडलं, एकीकडे गाड्या, हेलिकॉप्टर, ठोकळे, दुसरीकडे बाहुल्या, भातुकलीचं सामान, खडू, शिवाय पुस्तकं, आणि कोण कशाशी किती वेळ खेळतं ते मोजलं. अभ्यास छापून आला १९९२ मध्ये. सीएएचवाल्या मुली गाड्या-ठोकळ्यांशी जास्त खेळल्या, आणि तुलना कुणाशी, तर त्यांच्याच बहिणी आणि नात्यातल्या मुलींशी! घरचं वातावरण मिळतंजुळतं, म्हणून या निकालाला वजन आहे.

इथे कुणीही विचारेल की आईबापच त्यांना मुलग्यांसारखं वाढवत असतील. बरोबर शंका आहे, आणि २००५ मध्ये व्हिकी पास्टर्स्की, हाइन्स वगैरेंनी तेच तपासलं, तर उलट निघालं, आईवडील सीएएचवाल्या मुलीचं बाहुलीशी खेळल्यावर तिच्या बहिणीपेक्षा जास्त कौतुक करत होते. तरी ती गाडीकडेच. अभ्यास चांगला की नाही हे ओळखायचं असेल तर असं बघा, आपल्या डोक्यात आलेली शंका संशोधकाने आधीच घेतलीय का.

आता फरक किती मोठा. त्यासाठी डी (d) नावाचा आकडा शोधा, दोन गटांच्या सरासरीत किती अंतर आहे ते तो सांगतो, ०.२ म्हणजे छोटा, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. स्त्री-पुरुषांच्या उंचीत तो २ च्या आसपास येतो. ०.५ असला तरी दोन्ही गट ८० टक्के एकमेकांवर पडतात, म्हणजे एखादी मुलगी बघून तिचं काय ते सांगता येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष फरकांचे असे १२४ आकडे गोळा केले, त्यातले ७८ टक्के छोटे किंवा शून्याजवळचे. खेळण्यांची आवड हा मात्र मोठा फरक आहे, त्यावरून गणित-करिअरचे निष्कर्ष काढणाऱ्या बातमीवर मुळीच विश्वास ठेवू नका.

माणसं किती होती तेही बघा. २०११ मध्ये १६ बायकांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर दुसऱ्याच्या डोळ्यांवरून मन ओळखणं त्यांना कमी जमलं, खूप गाजलं ते, आणि २०१९ मध्ये ६४३ पुरुषांवर केलं तर काहीच फरक नाही.

आणि उलटा प्रवाहही असतो. फिलिपिन्सच्या सेबू शहरात ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन काही वर्षांच्या अंतराने दोनदा मोजलं, जे मधल्या काळात बाप झाले त्यांचं जास्त घटलं, आणि रोज तीन तास किंवा जास्त मुलांचं करणाऱ्यांचं आणखी कमी. वागण्याने हॉर्मोनही बदलतो.

घरात सीएएचची मुलगी असेल तर ती कशाशी खेळते याची काळजी नका करू, बहुतेक जणी स्वतःला मुलगीच मानतात. काळजी घ्यायची ती शरीरात नीट न बनणाऱ्या कॉर्टिसॉलच्या जागी घ्यायच्या औषधाची, रोजचा डोस चुकवायचा नाही, आणि ताप किंवा उलट्या असल्या की डोस किती वाढवायचा हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यायचं.