कॉम्प्युटर गेम विकत घेताय? या चुका टाळा

गेम घेताना बहुतेक जण आधी किंमत बघतात. माझ्या मते ती शेवटी बघावी. त्याआधी तीन गोष्टी विचारा: गेम कुठल्या खात्याला जोडला जाणार, आपल्या विंडोजवर चालणार का, आणि नाही चालला तर पैसे परत मिळणार का?

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते जुन्या डिस्कवर. सेकंडहँड बाजारात बॉक्ससकट जुना गेम दिसला की मोह होतोच. पण २००४ चा 'हाफ-लाइफ २' घ्या. त्याची 'की' (गेम चालू करायचा कोड) पहिल्या मालकाने स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या आपल्या खात्यावर वापरलेली असेल, तर ती डिस्क तुमच्या कामाची नाही. दुसरी अडचण कॉपी-प्रोटेक्शनची, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाची. त्या काळच्या अनेक डिस्कवर सेफडिस्क नावाचं असं कुलूप असायचं आणि विंडोज १० ने त्याचा आधार सुरक्षेच्या कारणावरून काढून टाकला. त्यामुळे डिस्क अस्सल असते, एक ओरखडाही नसतो, इन्स्टॉलेशन नीट होतं आणि तरी गेम उघडत नाही. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकण्यात किंवा ग्राफिक्स कार्ड बदलण्यात पैसे घालवू नका. कुठून तरी 'क्रॅक' (हे कुलूप तोडणारी फाइल) उतरवणं तर नकोच, त्यासोबत मालवेअर आत येऊ शकतं.

म्हणून जुना गेम हवा असेल तर आधी गॉगवर शोधा. २००८ मध्ये सुरू झालेलं हे पोलंडचं ऑनलाइन दुकान डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या, जमान्यातले बरेच गेम डॉसबॉक्स (ते आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) जोडूनच देतं. कॉपी-प्रोटेक्शन नसतं आणि ३० दिवसांत पैसे परत मागता येतात. ऑफलाइन इन्स्टॉलर (इंटरनेटशिवाय गेम इन्स्टॉल करायची फाइल) मात्र आठवणीने उतरवून वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, बरेच जण हे करतच नाहीत. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं, तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बघा.

नव्या गेमसाठी स्टीम सोयीचं. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. इथे चूक होते ती अशी: गेम अडखळतो म्हणून तो उघडा ठेवूनच लोक सेटिंग बदलत बसतात. तो वेळही त्या दोन तासांत धरला जातो. सेलमध्ये घेतलेला गेम महिनाभर न उघडता ठेवला तरी मुदत निघून जातेच.

तिऱ्हाइताकडून स्वस्तात मिळणाऱ्या 'की' टाळा. काही चोरीच्या कार्डावर घेतलेल्या निघतात आणि प्रकाशक त्या रद्द करू शकतो, काही भारतात चालतच नाहीत. बाहेरून घेतलेल्या कीचे पैसे स्टीम देत नाही.

शेवटचं, 'सतत इंटरनेट आवश्यक' ही ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नका. यूबीसॉफ्ट या गेम कंपनीने ३१ मार्च २०२४ ला 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला हा गेम एकट्याने खेळणाऱ्यांसाठीही बंद पडला. असा गेम लगेच खेळणार असाल तरच घ्या.